पाय कधी चुकत नाही

जोडे शिवणाऱ्या मास्तरांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, कुणी विचारले नसताना, ऐकवलेला होता. पाय कधी चुकत नाही, चुकतो तो जोडा. कुणी म्हणे, माझी करंगळी जरा बाहेर जाते. मास्तर म्हणत, करंगळी जाते तिथे बरोबर जाते, जोड्याने तिला जागा द्यायला हवी होती. कुणाचा अंगठा वाकडा, कुणाच्या टाचेचे हाड वाढलेले, कुणाचे तळवे पार सपाट, पण मास्तरांच्या लेखी सगळे बिनचूक. गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे त्यांच्या फळीवर ओळीने मांडलेले असत. पाय कुठे वाढला की साच्यावर त्या जागी कातड्याचा तुकडा चिकटवून साचाही तेवढाच वाढवायचा आणि त्यावर नवा जोडा बेतायचा, अशी कामाची रीत. माणसे म्हातारी होत तसे त्यांचे साचेही अंगाने भरत.

शाळेत ते स्वतः फारसे टिकले नव्हते. पण शिकवायची हौस दांडगी, म्हणून गल्लीने त्यांना मास्तर केले होते आणि त्यांच्या बायकोला ओघानेच मास्तरीणबाई. हा नियम मास्तरांनी दुसऱ्यांच्या पायांपुरता ठेवला असता तर पुढचे काही घडले नसते. पण माणूस तत्त्वाचा. तत्त्वाची माणसे घरच्यांना महागात पडतात.

एका सकाळी मास्तरांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला. पांघरुणाचा काठ लागला तरी ब्रह्मांड आठवावे अशी कळ. औषधांच्या दुकानातून आणलेल्या गोळीने ती काही दिवसांत गेली, आणि गरज सरो वैद्य मरो या न्यायाने मास्तरांनी तो विषय मिटवला. पुढच्या वर्षी कळ पुन्हा आली. मग वर्षातून दोनदा येऊ लागली, आणि अशीच येता-जाता अंगठ्याच्या सांध्यावर एक गाठ ठेवून गेली. गाठ दुखत नव्हती. घरजावयासारखी नुसती बसून होती.

मास्तरांनी फळीवरून स्वतःचा साचा काढला. गाठीच्या जागी कातड्याचा गोल तुकडा चिकटवला, घासून त्याला उतार दिला आणि नवा जोडा शिवला. जोडा असा बसला की बघत राहावे. मास्तरांच्या हिशेबी आजार बरा झाला.

गाठ वाढली, साच्यावर दुसरा तुकडा चढला. दुसरी गाठ आली, तिसरा चढला. आठ वर्षांत साच्याची ती बाजू बटाट्यासारखी झाली आणि नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसे अंगठ्यापेक्षा गाठच मोठी दिसू लागली. पण जोडा इतका देखणा की आत काय चालले आहे याचा कुणाला पत्ता लागू नये. एका शौकिनाने तर तसाच बाजूने फुगीर जोडा मला पण हवा म्हणून हट्ट धरला. मास्तरांनी त्याला तो करून दिला आणि त्याने तो कौतुकाने घातलाही.

आता मास्तरीणबाईंच्या पायाकडे वळले पाहिजे, कारण खरा प्रश्न त्या पायाचा आहे. त्यांचा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा आखूड आणि जरासा आत वळलेला. तरुणपणी त्या धाकट्या भावाचा हात धरून या दुकानात आल्या, तेव्हा आधीच्या सगळ्या कारागिरांनी तो पाय पाहून च्च् च्च् केलेले होते. मास्तरांनी पाय हातात घेतला, फिरवून पाहिला, मग त्यांचा जुना जोडा उचलला आणि म्हणाले, "पाय बरोबर आहे. जोडा चुकलाय."

एवढ्या एका वाक्यावर पुढचा संसार उभा राहिला. गोड बोलणारी स्थळे त्यांनाही सांगून आली होती. पण त्यांच्या पायाला कुणी बरोबर म्हणाले नव्हते.

तेव्हापासून मास्तरीणबाईंनी दुसऱ्या कुणाचा जोडा घातला नाही. घालताच आला नसता. डाव्या जोड्याचा तळ मास्तर कातडे आणि बुचाचे थर एकावर एक चिकटवून उंच करत आणि मग रापीने, म्हणजे कातडे कापायच्या त्या रुंद पात्याने, बाहेरून आत असा तासत. किती तासायचे ते कुठे लिहिलेले नव्हते. ते मास्तरांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला कळे. बोट थरावरून फिरवायचे आणि थांब म्हणाले की थांबायचे. तेवढे जमले की मास्तरीणबाई सरळ चालत, जिने चढत, बाजारहाट करून वर शेजारणीकडे गप्पा मारून येत. ते बिघडले की दोन दिवसांत कंबर धरायची.

धाकटा भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेहुणा, आता समोरच तयार जोड्यांचे दुकान चालवी. तो अधूनमधून येऊन विचारी, "भावोजी, तुमच्यानंतर ताईच्या जोड्यांचं काय?"

"माझ्यानंतर कशाला? मी काय गावाला चाललोय?" मास्तर म्हणत.

आणि मग गाठ हातावर आली. नेमकी उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या पेरावर. पाठोपाठ अंगठ्याच्या बुडाशी दुसरी. रापी मुठीत बसेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मास्तरांनी रापीच्या मुठीवर कातड्याची पट्टी गुंडाळून ती गाठीला सोयीची अशी जाड करून घेतली. मग कातड्याला भोके पाडायच्या आरीची मूठ जाड केली. मग चहाच्या कपाच्या कानाला पट्टी गुंडाळली. मास्तरीणबाईंनी तो कप बघितला, आणि बघून ठेवला.

एक दिवस बोटावरच्या गाठीची कातडी फुटली आणि आतून पांढरा लगदा आला. रक्त नाही, पू नाही. ओल्या खडूसारखा लगदा. मास्तरांनी तो अंगठ्यावर घेऊन निरखला. याने कातडे आखता येईल का, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि तो त्यांनी बोलूनही दाखवला. मास्तरीणबाईंनी भावाला हाक मारून गाडी काढायला सांगितली.

डॉक्टरीणबाई सांध्यांच्या आजारांच्या होत्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी हात पाहिला, कानाची पाळी चाचपली, तिथेही एक बारीक गाठ सापडली, आणि मग पाय बघू म्हणाल्या. मास्तरांनी जोडा काढला. डॉक्टरीणबाईंनी आधी पाय पाहिला आणि नंतर जोडा, आणि जोडा बराच वेळ हातात धरून ठेवला.

"हा कोणी केला?"

"मीच," मास्तर म्हणाले. आता कौतुक होईल म्हणून ते थोडे ताठ बसले.

"आजार रेड्याला आणि डाग पखालीला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डाग उत्तम दिलाय. पण रेडा तसाच आजारी आहे."

मास्तरीणबाईंनी हसू दाबण्यासाठी खिडकीबाहेर पाहिले.

"तुम्ही रापी लावा ना," मास्तर म्हणाले. "कापून टाका. हातासरशी होईल."

"कापली तरी परत येईल. आणि वरची कातडी इतकी पातळ झालीय की जखम भरेलच असं नाही." मग डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून मास्तरीणबाईंना औषधांच्या रांगेत पाठवले आणि मास्तरांना नीट समजावून सांगितले. याला गाऊट म्हणतात. रक्तात युरिक अॅसिड जास्त झाले की पाकातली साखर तळाला बसावी तसे ते सांध्यांत खडे होऊन बसते. या गाठी म्हणजे ते साठलेले खडे. रोजच्या गोळीने रक्तातले अॅसिड पुरेसे खाली आणून तिथेच ठेवले तर खडे आपोआप विरघळतात. वेळ लागतो, महिने लागतात, कधी वर्षे. आणि सुरुवातीला खडे हलायला लागतात तेव्हा कळा जास्त येतात. भरलेली खोली रिकामी करताना धूळ उडते, तसे. त्यासाठी दुसरी एक बारीक गोळी आहे. कळ आली तरी रोजची गोळी थांबवायची नाही. दुखो न दुखो, रोज.

हे सगळे त्या मास्तरांकडे बघून, सावकाश बोलल्या. मास्तर मान हलवत होते. पण ते बघत होते टेबलाखाली, डॉक्टरीणबाईंच्या चपलांकडे. डावी टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली होती. बाई उभ्या राहताना भार कुठे टाकतात, तिथे किती जाडीचा थर लावला तर गुडघा वाचेल, याचा पक्का आराखडा मास्तरांच्या डोक्यात तयार झाला, आणि त्याच वेळात रोज, थांबवायची नाही, धूळ, हे शब्द कानांवरून गेले. मास्तरीणबाई तेव्हा बाहेर औषधे घेण्याच्या रांगेत होत्या. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारले, "काय म्हणाल्या?"

"टाच झिजलीय त्यांची," मास्तर म्हणाले.

मास्तरांनी गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात पायाच्या अंगठ्याने असा दंगा केला की मास्तरांनी दुकानाचे दार अर्धे ओढून घेतले. त्यांनी मनाशी विचार केला. गोळी नव्हती तेव्हा वर्षातून दोनदा दुखायचे, गोळी आली आणि महिन्यात दुखले. यात न कळण्यासारखे काय आहे? हातच्या काकणाला आरसा कशाला! गोळ्यांचा डबा त्यांनी खिळ्यांच्या बरणीमागे सरकवला आणि अगदीच असह्य झाले तर एखादी घ्यायची, असे ठरवले. म्हणजे जी रोज घ्यायची ती दुखल्यावर, आणि दुखू नये म्हणून दिलेली बारीक गोळी कधीच नाही. घरात त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मास्तरीणबाई विचारत, "घेतली का?" आणि मास्तर म्हणत, "हो." घेतली होतीच, कधीतरी.

थंडीच्या तोंडाशी त्यांनी मास्तरीणबाईंसाठी नवा जोड शिवला. रापी हातात जड जात होती. बोट थरावरून फिरवले तर बोटाऐवजी गाठच फिरत होती, आणि गाठीला काही कळत नव्हते. ती थांब म्हणेना. मग मास्तरांनी अंदाजाने स्वतःच थांब म्हटले.

"कसा झालाय?"

मास्तरीणबाई दुकानातल्या दुकानात चार पावले चालल्या. "छान," त्या म्हणाल्या. "नेहमीसारखा."

मास्तर दाराकडे पाठ करून बसत. गल्लीतली माणसे त्यांना पावलांवरून ओळखू यायची, आणि बायकोचे पाऊल तर अर्ध्या गल्लीवरून. एक जड, एक हलके, पण दोन्हींमधला वेळ सारखा. त्या हिवाळ्यात ते पाऊल बदलले. एक पाऊल पडे, मग जरा थांबणे, मग दुसरे ओढल्यासारखे. मास्तरांनी एक-दोनदा वळून पाहिले. मास्तरीणबाई हसून पिशवी दाखवत.

"काय गं, चालताना काय होतंय?"

"कुठं काय? पायच माझा. वय झालं आता, पाय थोडाच तसा राहणार?"

मास्तरांनी हातातले काम खाली ठेवले. या घरात इतकी वर्षे हे वाक्य कुणी उच्चारले नव्हते. आणि उच्चारले ते कुणी, तर जिच्या पायावर तो नियम पहिल्यांदा म्हटला गेला तिने.

दुपारी मेहुणा आला. तो उभ्या उभ्याच बोलला. "भावोजी, ताई आमच्या घरी यायची बंद झालीय. जिना चढवत नाही म्हणाली. तुम्हाला सांगू नको म्हणाली, म्हणून सांगतोय."

तो गेल्यावर मास्तरांनी घरात जाऊन बायकोचा डावा जोडा आणला आणि दुकानातल्या सपाट काचेवर ठेवला. जोडा डुगडुगला. बाहेरची कड जाड राहिली होती, आतली नको तेवढी तासली गेली होती. शिकाऊ माणसाने केला असता तर मास्तरांनी तो गल्लीत भिरकावला असता. ही असली वस्तू बायको महिना-दीड महिना पायात घालून हसत हिंडत होती. मास्तरांना शरम वाटली, आणि शरमेपेक्षाही भीती वाटली, कारण हे नीट करायला रापी उचलली आणि त्यांना कळले की आपल्याला हे नीट करता येणार नाही. हा जोडा दुरुस्त करू शकेल असा एकच हात होता आणि तो हा होता.

मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या तेव्हा जोडा काचेवर तसाच होता.

"खोटं का बोललीस?"

"काय खोटं बोलले?"

"पाय चुकला म्हणून. तुझा पाय बरोबर आहे. जोडा चुकलाय."

"बरं," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या स्टूल ओढून समोर बसल्या. "जोडा कोणी केला?"

"मी."

"कुठल्या हातानं?"

मास्तरांनी हात पुढे केला. मास्तरीणबाईंनी तो आपल्या हातात घेतला आणि फिरवून पाहिला, पूर्वी एकदा मास्तरांनी त्यांचा पाय पाहिला होता तसा.

"मला वाटलं, जोडा चुकला म्हटलं तर तुमचा हात गेला असं म्हटल्यासारखं होईल," त्या म्हणाल्या. "म्हणून पायावर ढकललं. माझा पाय असाच जन्माला आला, तो चुकलेला नाही, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. पण तुमचा पाय असा नव्हता हो. तो चुकलाय. हातही चुकलाय. मला हे दिसत होतं आणि मी कपाला पट्टी बांधू दिली, माझंही चुकलं. गोळ्या कुठे आहेत?"

मास्तरांनी खिळ्यांच्या बरणीकडे पाहिले. मास्तरीणबाई उठल्या, डबा काढला, हलवला. तो अर्ध्याहून जास्त भरलेला वाजला. त्यांनी तो चहाच्या कपाशेजारी ठेवला, आणि मास्तरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या, गाठीसकट.

दुसऱ्या खेपेला मास्तरीणबाई औषधांच्या रांगेत गेल्या नाहीत, डॉक्टरीणबाईंसमोर मास्तरांशेजारी बसल्या. आणि बसण्याआधी त्यांनी डॉक्टरीणबाईंना विनंती केली की पाय जरा टेबलाच्या आत घ्या, यांचं लक्ष उडतं. डॉक्टरीणबाईंनी पाय आत घेतले. रक्त तपासून गोळीचे प्रमाण थोडे थोडे वाढवत नेले. बारीक गोळीही सुरू झाली.

धूळ उडाली. दोनदा चांगलीच उडाली. मास्तर पाय उशीवर ठेवून डॉक्टरीणबाईंना, खड्यांना आणि गाऊट हा शब्द काढणाऱ्याला शिव्या देत आणि शिव्या देता देता गोळी गिळत. मेहुण्याने मधल्या काळात ताईसाठी आपल्या दुकानातला जोडा वाढवून पाहिला. मास्तर खुर्चीवरून हुकूम सोडत होते आणि मेहुणा तासत होता. झालेला जोडा मेहुण्याने काचेवर ठेवला आणि तोही डुगडुगला. मास्तरीणबाईंनी काठी घेतली. काठीचा आवाज गल्लीतून येई तेव्हा मास्तर न सांगता गोळी घेत.

उन्हाळा गेला, पावसाळाही गेला, तेव्हा मास्तरांच्या लक्षात आले की उजवा जोडा पायात खुळखुळतो आहे. त्यांनी आत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा घातला. पुन्हा खुळखुळला.

"जोडा चुकला का?" मास्तरीणबाईंनी विचारले.

"जोडा बरोबर आहे," मास्तर चिडून म्हणाले. "पाय..." आणि थांबले. ते वाक्य त्यांच्या तोंडून काही पुरे झाले नाही. त्यांनी फळीवरून आपला साचा काढला आणि बटाट्यावरचा सगळ्यात वरचा तुकडा रापीने सोडवला. साचा लहान करायची त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वेळ. पुढच्या थंडीपर्यंत असे आणखी दोन तुकडे निघाले.

हाताला जास्त वेळ लागला. बोटावरची गाठ मऊ झाली, मग चपटी झाली. पूर्ण गेली नाही. पण एका सकाळी मास्तरांनी बोट कातड्यावरून फिरवले आणि कातडे कुठे उंच, कुठे सखल ते बोटाला कळले. मास्तर उठून आत गेले, तोंड धुतले, परत आले आणि कुणाला काही न सांगता बायकोच्या डाव्या जोड्याचा तळ बांधायला घेतला. कितीतरी दिवस ते काम चालले. तासायचे, बोट फिरवायचे, पुन्हा तासायचे. बोट थांब म्हणाले तेव्हा ते थांबले.

मास्तरीणबाईंनी जोडा घातला. मास्तरांनी नेहमीसारखी दाराकडे पाठ केली, कारण बायकोच्या चेहऱ्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. पावले गल्लीत उतरली, काठीशिवाय. मेहुण्याच्या दुकानापर्यंत गेली, त्याच्या घराचा जिना चढली, उतरली आणि परत आली. एक जड, एक हलके, आणि दोन्हींमधला वेळ सारखा. मास्तर वळले.

"कसा झालाय?"

मास्तरीणबाई दारात उभ्या राहिल्या. जरा विचार केला. टाच उचलून पाहिली.

"मागून चावतोय," त्या म्हणाल्या. "थोडासाच. पण चावतोय."

मास्तरांना एकदम रडू आले. जोडा चांगला झाला आहे असे त्या कितीही म्हणाल्या असत्या तरी त्यांनी विश्वास ठेवला नसता. पण चावतोय म्हणाल्या. आता मास्तरांचा हात सांभाळून घ्यायची गरज उरली नव्हती, आता त्याला सरळ तक्रार सांगता येत होती. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि स्टूल पुढे ओढले.

"काढ. पाय इकडे कर," मास्तर म्हणाले आणि त्यांनी रापी उचलली. मुठीवरची पट्टी त्यांनी आदल्याच दिवशी सोडून टाकली होती.